पेशीतलं कॅल्शियम: नुसतं बघायचं की मोजायचं?

आजच्या एपिसोडचा विषय केमिस्ट्रीचा आहे, पण पळून जाऊ नका. मी सॉफ्टवेअरवाला आहे, केमिस्ट्रीचा माझा शेवटचा पेपर बीटेकच्या पहिल्या वर्षाला झाला. त्यामुळे मला समजलं त्याच भाषेत सांगतो.

आत्ता तुमचं हृदय धडधडतंय. प्रत्येक ठोक्याला त्याच्या पेशींमधलं मुक्त कॅल्शियम क्षणभर साधारण दहापट वाढतं आणि परत खाली येतं. वाढलं की स्नायू आवळतो, उतरलं की सैल पडतो. कॅल्शियम म्हणजे हाडं आणि दूध, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण पेशीच्या आत कॅल्शियम हा निरोप्या आहे. मेंदूतली एक पेशी दुसरीला संदेश देते तिथे तोच, शुक्राणू अंड्याला मिळतो तिथेही तोच.

मग प्रश्न असा, की या निरोप्याला बघायचं कसं? कॅल्शियमच्या आयनाला रंग नसतो. पेशी फोडून मोजावं, तर निरोपच थांबतो. शिवाय शांत पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम असतं सुमारे १०० नॅनोमोलर, आणि पेशीच्या बाहेर त्याच्या जवळपास दहा हजार पट. पेशी फोडली की सगळं एकत्र झालं. म्हणजे पेशी जिवंत ठेवूनच आत डोकवायला हवं.

आधी, फ्लुरोसंट म्हणजे काय?

दुकानात नोट तपासायचं मशीन बघितलंय ना? त्यातल्या जांभळ्या दिव्याखाली नोटेतले बारीक धागे चमकतात. त्या दिव्यातला अल्ट्राव्हायोलेट प्रकाश आपल्याला दिसत नाही. धागे तो शोषतात, थोडी ऊर्जा वाटेत खर्च होते, आणि उरलेली दिसणाऱ्या रंगात बाहेर येते. फ्लुरोसंट डाय हेच करतो. आपल्याला हवा असा डाय, ज्याची चमक कॅल्शियम चिकटल्यावर बदलेल.

अडचण पहिली: ओळख

पेशीत मॅग्नेशियमही असतं आणि ते कॅल्शियमपेक्षा हजारो पटींनी जास्त असतं. दोघांवरही दोन धन प्रभार. त्या गर्दीत फक्त कॅल्शियमला धरायचं.

हे काम केलं रॉजर चेन यांनी, केंब्रिज विद्यापीठात. (आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे, पण उच्चार चेन.) ईजीटीए नावाचा एक रेणू तेव्हा माहीत होता. तो कॅल्शियम पकडायचा आणि मॅग्नेशियमला फारसं विचारायचा नाही, कारण मॅग्नेशियमचा आयन लहान आणि पकडीत नीट बसत नाही. पण ईजीटीए चमकत नव्हता, आणि आजूबाजूची आम्लता थोडी बदलली तरी त्याची पकड बदलायची. चेन यांनी त्याच्या रचनेत बेंझिनची कडी बसवली. १९८० साली बाप्टा हा नवा रेणू आला. पकड तशीच निवडक, आम्लतेचा त्रास बराच कमी, आणि कड्यांमुळे तो प्रकाशाला प्रतिसादही देऊ लागला.

अडचण दुसरी: आत शिरायचं कसं?

या रेणूवर चार ऋण प्रभार असतात. पेशीचं आवरण तेलकट, त्यामुळे प्रभार असलेल्याला आत प्रवेश नाही. सुई टोचून सोडता येतं, पण एकेका पेशीला टोचत किती वेळ बसणार? १९८१ मध्ये चेन यांनी युक्ती काढली. चारही प्रभारांवर एस्टरच्या टोप्या चढवायच्या. टोप्या घातलेला रेणू आवरणातून सहज आत जातो. आत गेला की पेशीचीच एन्झाइम्स त्या टोप्या कापून टाकतात. प्रभार उघडे पडतात आणि डाय आतच अडकतो. दार उघडायचं काम पेशीकडूनच करून घेतलं!

अडचण तिसरी: चमक म्हणजे माप नव्हे

माझ्या मते खरी गोम इथे आहे. पेशीचा एक भाग जास्त चमकला. तिथे कॅल्शियम जास्त आहे का? की तिथे पेशी जाड आहे म्हणून डाय जास्त जमलाय? नुसत्या चमकेवरून सांगता येत नाही.

१९८५ मध्ये चेन आणि सहकाऱ्यांनी फुरा-२ हा डाय आणला. त्यावर आळीपाळीने दोन प्रकारचा प्रकाश टाकतात, ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा. कॅल्शियम चिकटलं की ३४० ला चमक वाढते आणि ३८० ला कमी होते. मग दोन्हींचा भागाकार करायचा. समजण्यापुरते आकडे घेऊ. पातळ भागात ६० आणि ३०, उत्तर २. जाड भागात डाय दुप्पट, म्हणून १२० आणि ६०, तरी उत्तर २. आता पातळ भागात कॅल्शियम वाढलं, चमक झाली ८० आणि २०, उत्तर ४. डाय किती आहे हा प्रश्न भागाकारात कटला, कॅल्शियमचा बदल तेवढा उरला. माहीत असलेल्या कॅल्शियमवर आधी काटा जुळवून घेतला, की या उत्तरावरून प्रमाणही काढता येतं.

आणि दोन पथ्यं

एक, काटा कामाला साजेसा हवा. सोनाराच्या काट्यावर कांद्याचं पोतं मोजत नाहीत. फुरा-२ साधारण २०० नॅनोमोलरच्या आसपास अर्धा भरतो, म्हणून शांत पेशीतले चढउतार तो छान टिपतो. पण पेशीच्या आतल्या कॅल्शियमच्या कोठारात तो कायम भरलेलाच दिसेल. तिथे सैल पकडीचा डाय लागतो.

दोन, डाय स्वतः कॅल्शियम धरून ठेवतो. आम्ही ॲपमध्ये जास्त लॉग टाकले की ॲपचा वेग बदलतो आणि कधी कधी शोधत असलेला बगच गायब होतो. तसंच इथे. डाय जास्त झाला तर निरोपच बोथट होतो. फुरा-२ च्या आधीचा क्विन-२ मंद चमकायचा, म्हणून तो भरपूर घालावा लागे. फुरा-२ त्याच्यापेक्षा ३० पटींपर्यंत जास्त चमकदार निघाला, आणि थोडक्यात काम भागू लागलं.

चेन यांना २००८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, ते मात्र जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनवरच्या कामासाठी, दोघांबरोबर विभागून. त्या प्रोटीनपासूनही कॅल्शियम दाखवणारे सेन्सर तयार झाले. झिंक, सोडियम यांचेही डाय आहेत. धातू बदलला तरी परीक्षा तीच: नेमका तोच धातू धरतो का, आत जातो का, चमकेवरून प्रमाण कळतं का, आणि पेशीला तिचं काम करू देतो का?

यापुढे फोनवर लुकलुकणाऱ्या न्यूरॉन्सचा एखादा भारी व्हिडिओ आला तर जरूर बघा, शेअरही करा. फक्त एक विचारा: हे रंग नुसती चमक दाखवतायत, की भागाकार केलेला आहे? नुसती चमक असली म्हणून व्हिडिओ खोटा ठरत नाही. त्याच जागी कधी वाढलं, कधी उतरलं, हे त्यातून कळू शकतं. पण इथे तिथल्यापेक्षा जास्त कॅल्शियम आहे, असं कोणी म्हणालं तर आकडा मागा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!