हरलेल्याला पटेल असा निकाल

लोकसभेचा निकाल लागला की होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये हमखास दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "जनतेचा कौल आहे, मान्य करा." दुसरी म्हणते, "कसला कौल? मशीन सेट होतं रे!" गंमत म्हणजे ही वाक्यं कायम राहतात, बोलणारी तोंडं तेवढी बदलतात. २००९ साली भाजप हरला तेव्हा लालकृष्ण अडवाणींनी मतदान यंत्रांवर शंका घेतली होती. २०१४ नंतर तीच शंका त्यांचे विरोधक घेऊ लागले.

म्हणून हा विषय पक्षांच्या भांडणातून बाहेर काढून आपल्या भाषेत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या भाषेत, मांडून बघावा असं मला वाटलं. आपल्याला परीक्षेत एक गोष्ट पक्की शिकवली जाते. उत्तर बरोबर आलं, पण स्टेप्स दिसल्या नाहीत तर मार्क कापतात. निवडणुकीचंही तसंच आहे. "यंत्र बरोबर चाललं का?" हा एक प्रश्न, आणि "ते बरोबर चाललं हे मला कळणार कसं?" हा दुसरा. आपण बहुतेक वेळा पहिल्यावर भांडतो आणि दुसरा विसरतो.

आधी यंत्राबद्दल थोडं. आपल्याकडे ते पहिल्यांदा वापरलं गेलं १९८२ साली, केरळमधल्या परूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर. कायद्यात यंत्राची तरतूदच नव्हती म्हणून सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये ती निवडणूक रद्द केली. पुढे कायदा बदलला आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर झाली. यंत्रं बनवतात दोन सरकारी कंपन्या, बंगळूरची बीईएल आणि हैदराबादची ईसीआयएल. यंत्राला इंटरनेट नाही, वाय-फाय नाही. त्यामुळे "कुणीतरी मोबाईलवरून हॅक केलं" हे ऐकायला भारी वाटलं तरी त्याला बुड नाही. शिवाय मिनिटाला तीन-चारच्या वर मतं पडतच नाहीत. पूर्वी बूथ ताब्यात घेऊन धडाधड शिक्के मारायचे, तो प्रकार त्यामुळे अवघड झाला. कागदी मतपत्रिकेचा काळ म्हणजे रामराज्य होतं, असं समजू नका!

पण दुसरा प्रश्न उरतोच. आपण बटण दाबलं, 'बीप' वाजलं. आत काय नोंदलं गेलं? यासाठीच सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१३ मध्ये कागदी पुरावा आवश्यक आहे असं ठरवलं आणि व्हीव्हीपॅट आलं. बटण दाबल्यावर काचेमागे आपल्या उमेदवाराची चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. २०१९ च्या लोकसभेत प्रत्येक केंद्रावर हे जोडलेलं होतं. यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा ग्राह्य, असा नियम आहे. म्हणजे शेवटचा शब्द कागदाचा.

मग वाद कसला? वाद आहे की चिठ्ठ्या मोजायच्या किती. आता जरा कॅल्क्युलेटर काढा.

निवडणूक आयोगाने २०१९ मध्ये कोर्टात तज्ज्ञांचा हिशेब मांडला होता. देशातली २ टक्के यंत्रं बिघडलेली असतील, तर यादृच्छिक निवडलेल्या ४७९ यंत्रांतून निदान एक सापडेल, याची खात्री ९९.९९ टक्क्यांच्या वर. करून बघा, ०.९८ चा ४७९ वा घात जवळजवळ शून्य येतो. गणित चोख आहे. कोर्टाने तर त्याहून पुढे जाऊन प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली ५ यंत्रं तपासायला सांगितली. देशभरात ही संख्या वीस हजारांच्या वर जाते. थोडक्यात काय, देशभर ठरवून घोळ घातला तर तो लपणं जवळपास अशक्य आहे.

पण खासदार देशभरातून निवडून येत नाही, एका मतदारसंघातून येतो. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं, म्हणजे तपासली जाणारी यंत्रं ३०. त्या एकाच मतदारसंघात २ टक्के यंत्रं बिघडलेली असतील तर? ०.९८ चा ३० वा घात येतो ०.५४ च्या आसपास. म्हणजे एकही न सापडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त! गणित तेच, फक्त 'पॉप्युलेशन' कोणतं धरायचं ते बदललं. लाखाच्या फरकाने जिंकलेल्या जागेवर याने काही बिघडत नाही. पण २०२४ मध्ये मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा अवघ्या ४८ मतांनी जिंकले. यंत्रांच्या मोजणीत कीर्तिकर १ मताने पुढे होते, टपाली मतांनी निकाल फिरला. अशा ठिकाणी संशयाला एक यंत्रही पुरतं. म्हणून माझं मत असं की सगळीकडे सारखी ५ यंत्रं मोजण्यापेक्षा जिथे फरक कमी तिथे जास्त चिठ्ठ्या मोजाव्यात, अगदीच अटीतटीचं असेल तर सगळ्या. अमेरिकेतल्या काही राज्यांत अशी पद्धत आहे.

एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल, असं सांगितलं. याच खटल्यात एक मजेशीर गोष्ट समोर आली. आंध्रातल्या एका केंद्रावर आकडे जुळले नव्हते. कारण काय, तर सकाळच्या चाचणीतली मतं पुसायची राहून गेली होती! आपल्याकडचे जे सर इलेक्शन ड्युटीला जातात त्यांना विचारा. मतदानाआधी पक्षांच्या प्रतिनिधींसमोर निदान ५० चाचणी मतं टाकायची, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने बटणं दाबायची. दमलेल्या माणसाचं एक बटण राहिलं की अफवेला वर्षभराचा खुराक मिळतो.

आता जरा बाहेर बघू. जर्मनीत २००५ च्या निवडणुकीत काही ठिकाणी मतदान यंत्रं वापरली होती. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये तो वापर घटनाबाह्य ठरवला. लक्षात घ्या, घोटाळा झाल्याचं सिद्ध झालं नव्हतं. मुद्दा एवढाच, की सामान्य माणसाला खास तांत्रिक ज्ञानाशिवाय मोजणी पडताळता आली पाहिजे, आणि त्या यंत्रांत कागदच नव्हता.

उलट अमेरिकेत जॉर्जिया राज्यात २०२० साली कागद होता. तिथे सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या, बायडेनच जिंकलेले निघाले. तरी ट्रम्प आणि त्यांच्या असंख्य समर्थकांना ते पटलं नाही, आणि ६ जानेवारी २०२१ ला जमाव थेट संसदेत घुसला. मग पुराव्याचा उपयोग काय? उपयोग हा, की कोर्ट आणि अधिकारी त्या पुराव्यावर पाय रोवून उभे राहू शकले. ज्याला पटवून घ्यायचंच नाही त्याचं औषध कुणाकडे नाही. पण ज्याला प्रामाणिक शंका आहे त्याला "आमच्यावर विश्वास ठेवा" हे उत्तर पुरत नाही. त्याला मोजून दाखवावं लागतं.

आणखी एक. यंत्र कितीही तपासलं तरी मतदार यादी चुकीची असेल तर चिठ्ठ्या मोजून काही हाती लागत नाही. २०२५ मध्ये वाद यंत्रावरून यादीकडे वळला तो यामुळेच. प्रत्येक शंकेचा पुरावा वेगळा असतो, सगळ्यांची भेळ करू नये.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "मशीन सेट होतं" म्हणाला तर त्याला हसू नका, विचारा: "काय दाखवलं तर तुला पटेल?" आणि कुणी "शंका घेणारे देशद्रोही" म्हणाला तर त्यालाही विचारा: "तुझा पक्ष ४८ मतांनी हरला असता तर तू काय मागितलं असतंस?" दोघांचं उत्तर एकच आलं, तर तीच चांगल्या निवडणुकीची स्पेसिफिकेशन समजा. आणि सुट्टीत घरी गेलात की यादीत आपलं नाव आहे का ते बघा. जमलं तर एखाद्या निवडणुकीत मतदान प्रतिनिधी म्हणून दिवसभर केंद्रावर बसा, आणि संध्याकाळी किती मतं नोंदली गेली त्याच्या फॉर्म १७-सीची प्रत मागून घ्या. ती मिळणं प्रतिनिधीचा हक्क आहे. मोजणीच्या दिवशी तोच आकडा ताडून बघता येतो. जर्नलमध्ये रीडिंग कॉपी करणारे आपण, निदान हे एक रीडिंग तरी स्वतः घेऊ या!