ऐकून परत दे

माझ्या टेबलाच्या खणात एक शंभर पानी वही आहे. पट्टीने रेघा मारून तिच्यात चार रकाने पाडले आहेत: तारीख, तबकडी, कोणाला, परत. पहिली नोंद १९७२ सालची, शेवटची १९९१ ची. संपादकांनी ध्वनिमुद्रित संगीताचा आढावा घ्यायला सांगितलं तेव्हा मी आधी ही वही काढून बसलो. कोणत्या कंपनीने कोणाचं गाणं कधी बाजारात आणलं याच्या याद्या पुष्कळ झाल्या. ते गाणं एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसं गेलं, हे मात्र कोणी लिहीत नाही. माझ्या मते गाणं ऐकणारा समाज तयार झाला तो याच देवघेवीतून.

सुरुवातीचा काळ वाचकांना ठाऊक आहे, तो भरभर सांगतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायल्या. गाणं संपताच त्यांनी इंग्रजीत आपलं नाव पुकारलं, कारण तबकडी छापली जायची जर्मनीतल्या हॅनोव्हरला आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळायला हवं होतं. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. त्यानंतर बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई, मास्टर कृष्णराव, नाट्यपदं, भावगीतं असं सगळं घराघरांत आलं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, मग तबकडी उलटायची, सुई बदलायची, चावी भरायची.

या काळाची थोरवी गाणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. साडेतीन मिनिटांत राग उभा करणं हीच खरी कला, पुढे सगळा पसारा वाढला, असं ते म्हणतात. कला होती, यात शंका नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी ऐकून कोण नाही म्हणेल? गदगच्या एका दुकानात तीच तबकडी ऐकून अकरा वर्षांचे भीमसेन १९३३ साली गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. पण लाखेची ती तबकडी हातातून पडली की फुटायची. त्यामुळे ती कोणी कोणाला देत नसे. ज्याच्याकडे फोनो त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं, किंवा हॉटेलात एका चहावर तासभर. मालक लावील ते ऐकायचं आणि घरी यायचं. त्या काळाने श्रोते जमवले, पण एखादं गाणं चार दिवस घरी ठेवून त्याच्याशी एकट्याने झटायची सोय त्यात नव्हती.

ती सोय एलपीने केली. गेली चाळीस वर्षं मी हेच सांगत आलो आहे. एलपीचं कौतुक करणारे तिच्या लांबीचं कौतुक करतात. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली, म्हणून विलंबित ख्याल मावला, हे खरंच आहे. पण मला तितकीच मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: ती फुटत नव्हती. कापडी पिशवीत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून एसटीने नेता येत होती. शिवाय ती महाग होती. नोकरदार माणसाला महिन्याला एकसुद्धा घेणं जड जायचं. म्हणजे देता येण्याजोगी आणि दिल्याशिवाय भागणार नाही अशी वस्तू पहिल्यांदाच आमच्या हाती आली.

माझा मित्र मिरजेचा. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, सतारमेकरांची गल्ली, दर्ग्यातला उरूस, तिथे रात्रभर चालणारं गाणं, हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं. बँकेच्या कामासाठी तो दर दीड-दोन महिन्यांनी पुण्याला यायचा आणि माझ्याकडे उतरायचा. १९७२ च्या डिसेंबरात आला तेव्हा त्याने पिशवीतून अमीर खाँसाहेबांची एलपी काढली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. माझ्याकडे तेव्हा फिएस्टा होता, झाकण लावलं की हातात धरून कुठेही नेता येणारा. तबकडी माझ्या हातात देताना तो म्हणाला, "आठ दिवस दरबारी लावायची नाही. रोज संध्याकाळी मारवा. ऐकून परत दे." कारण विचारलं तर सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी मला काही कळलं नाही. झुमऱ्याची ती लय इतकी संथ की समेची वाट बघता बघता लक्ष भरकटायचं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, हे गाणं ऐकताना दिवा लावावासा वाटत नाही. पाचव्या दिवशी मिरजेहून आंतरदेशीय पत्र आलं. आत एकच ओळ: "सा कुठे आहे?"

मी घड्याळ घेऊन बसलो. मारव्यात षड्ज टाळतात, हे पुस्तकात वाचलं होतं. पण ते टाळणं म्हणजे काय, हे त्या संध्याकाळी कळलं. खाँसाहेब कोमल रिषभावर येऊन उभे राहतात, खालच्या निषादाकडे वळतात, धैवतावर जाऊन थांबतात, आणि ज्या घरी जायचं ते समोर दिसत असून आत पाऊल टाकत नाहीत. मागे तानपुरा तोच षड्ज सारखा वाजवतो आहे. अखेर ते षड्जावर येतात तेव्हा छातीत साठलेला श्वास सुटतो. मी उत्तर लिहिलं: "सा आहे, पण त्यांना तिथे राहायचं नाही." उलट टपाली उत्तर आलं: "आता दरबारी लाव."

संगीताची एवढी मोठी शिकवणी मला दुसरी कोणी दिली नाही. मी गाणं शिकलेलो नाही, पेटीवर सप्तक वाजवता येतं एवढंच. पण एक तबकडी, एक अट आणि एक प्रश्न यांनी माझे कान उघडले. तीच तबकडी मी विकत आणली असती तर पहिल्याच रात्री दोन्ही बाजू ऐकून फडताळात ठेवली असती.

मग वहीचा दुसरा रकाना भरत गेला. मी त्याला किशोरीताईंची भूप-बागेश्रीची एलपी दिली. किराणा घराण्याच्या गावचा माणूस, जयपूर घराण्याचं गाणं त्याला अवघड आणि कोरडं वाटायचं. तीन महिने परत आली नाही. आली तेव्हा पाकिटाच्या आतल्या पांढऱ्या कागदी पिशवीवर त्याने पेन्सिलीने बारीक अक्षरांत तारखा लिहिल्या होत्या, भूपाच्या बाजूला एकोणीस आणि बागेश्रीच्या बाजूला चार. खाली लिहिलं होतं: "गांधारासाठी." ती पिशवी मी आजही जपली आहे. कुमार गंधर्वांचं 'त्रिवेणी' आलं आणि गेलं. मल्लिकार्जुनअण्णा, वसंतराव, अभिषेकीबुवा यांच्याही तबकड्या गेल्या. प्रत्येकीबरोबर पत्र जायचं, प्रत्येकीबरोबर पत्र यायचं. भांडणंही झाली. अमीरखानी संथपणा गाण्याचा प्राण घेतो, असं मत मी एकदा मांडलं तर त्याने दोन महिने पत्र लिहिलं नाही.

तबकडी कशी हाताळायची, याचाही एक संस्कार होता. बोटं फक्त कडेला आणि मधल्या कागदाला लागली पाहिजेत, खोबणींना कधी नाही. लावण्याआधी मखमलीच्या कापडाने गोल पुसायची, आडवं नाही. ठेवायची ती उभी, एकीवर एक रचली की वाकते. उन्हाच्या खिडकीजवळ एक दुपार राहिली तर कायमची लहरते आणि सूर हेलकावतो. दुसऱ्याची वस्तू घरी आली की या गोष्टी आपोआप पाळल्या जायच्या. त्या काळजीनेच माणूस गाण्यासमोर नीट बसायचा, असं माझं निरीक्षण आहे.

इथे आणखी एका वादाबद्दल बोलायला हवं. १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' आली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत. एचएमव्हीत ती घडवली जी. एन. जोशींनी. मराठी भावगीताच्या पहिल्या गायकांतले ते जोशीच पुढे कंपनीत बसून मोठमोठ्या बुवा-उस्तादांना माइकसमोर आणत होते. त्यांचं 'स्वरगंगेच्या तीरी' हे पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. आमच्यातले काही जाणकार या तबकडीला आजही नाक मुरडतात. पाहुण्यांना खूश करायचं संगीत, रागाचा अर्क नाही, अशी त्यांची टीका. मी त्यांना विचारतो, ज्याने आयुष्यात एकही राग बसून ऐकलेला नाही त्याच्या हातात तुम्ही पहिली तबकडी कोणती द्याल? मारवा दिलात तर तो पुन्हा तुमच्या दारात येणार नाही. मी ही दिली, लग्नांत भेट म्हणून पाच प्रती दिल्या. त्यातली दोन माणसं पुढे सवाई गंधर्व महोत्सवात माझ्या शेजारी बसून पहाटेपर्यंत ऐकायची. दुसऱ्याला काय द्यायचं हे ओळखणं हीदेखील एक विद्या आहे. अतिशुद्धतेच्या हट्टाने आपण किती कान गमावले, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

तबकडी देण्याची सगळ्यात मोठी गोष्ट १९७७ साली घडली. व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी गेली. ती सुचवली रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने, आणि ऐन वेळी तिची प्रत सापडली न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात. गोव्यातल्या केरी गावची ही बाई रेकॉर्डिंगच्या बाबतीत किती कडक होती, हे सर्वांना माहीत आहे. तिची साडेतीन मिनिटं आज ताऱ्यांमधल्या अवकाशात आहेत. मिरजेच्या मित्राने ती बातमी वाचून कार्ड पाठवलं होतं: "हिच्यापुढे 'परत' हा रकाना रिकामा राहणार."

मग कॅसेट आली. तिच्यावर रागावणारे पुष्कळ आहेत, मी नाही. कॅसेटने गाणं स्वस्त केलं, खासगी मैफली टिकवल्या आणि लहान गावांत पोचवल्या. पुण्यात कर्वे रस्त्यावर अलूरकर म्युझिक हाऊस होतं. तिथे उभ्या उभ्या जेवढं शिकलो तेवढं सभागृहांतून शिकलो नाही. कॅसेटमुळे मूळ वस्तू घरातच राहायला लागली आणि प्रत जायला लागली, तिथून परत येण्याची गोष्ट सैल झाली, हे मान्य. पण नव्वद मिनिटांची प्रत करायला नव्वद मिनिटं लागायची. दोन टेपरेकॉर्डर शेजारी मांडून करणारा माणूस त्या वेळात ऐकायचाच. कार्डावर राग, ताल, साल, तबल्यावर कोण, हे हाताने लिहायचा. म्हणजे देणाऱ्याने ऐकलेलं असायचं. माझ्याकडे मित्राच्या हातच्या त्रेसष्ट कॅसेटी आहेत आणि त्यांच्यावरची एकही नोंद मला चुकीची आढळलेली नाही.

सीडीचा काळ थोडा आणि माझ्या दृष्टीने नीरस. आवाज स्वच्छ, कागद बारीक, अक्षर दिसत नाही. पुढे एका चकतीवर शंभर-शंभर फाइली यायला लागल्या. मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं.

आज माझ्या फोनवर रोज सात-आठ दुवे येतात, खाली "नक्की ऐका" असं लिहिलेलं. एकच दुवा दीडशे माणसांना गेलेला असतो. पाठवणाऱ्याला मी दोन-चारदा फोन करून विचारलं, यात तुला कुठली जागा आवडली? त्याने स्वतःच ऐकलेलं नव्हतं. यूट्यूबवर आज जे आहे ते पाहून माझे डोळे भरून येतात, हेही सांगतो. ज्या झोहराबाईंच्या तबकडीसाठी आम्ही मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवार-रविवार फिरलो, ती आज घरबसल्या ऐकता येते. संग्राहकांनी आपले खजिने खुले केले. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी केवढं काम करून ठेवलं आहे! वस्तू मिळत नाही, ही तक्रार आता कोणाला करता येणार नाही. माझं दुःख एवढंच, की देणाऱ्याला अट घालायला वेळ नाही आणि घेणाऱ्याकडून उत्तराची अपेक्षा नाही. आठ दिवस एकच बाजू ऐक, असं मी माझ्या नातवाला म्हणालो तेव्हा तो गोंधळला. बाजू म्हणजे काय, हे आधी समजावून सांगावं लागलं. मग मात्र त्याने ऐकली. सहाव्या दिवशी त्याने आपणहून विचारलं, "आजोबा, हे घरी का येत नाहीत?"

अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं मुद्रित झालं नाही, भास्करबुवांचं झालं नाही. ते आपल्याला कधीच ऐकायला मिळणार नाही. जे झालं त्याचं आपण काय करतो आहोत? एका जुन्या संस्थेने दोन वर्षांपूर्वी जागा हवी म्हणून आपल्या ग्रंथालयातल्या तबकड्या भंगारात किलोवर काढल्या. मला कळलं तेव्हा टेम्पो गेलेला होता. घरोघरी हेच चाललं आहे. वडील गेले की महिन्याभरात माळा रिकामा होतो. ज्यांच्या माळ्यावर असं काही असेल त्यांनी विकण्याआधी एकच करावं: त्यातली एक तबकडी काढून ओळखीच्या एखाद्या ऐकणाऱ्याच्या हातात द्यावी आणि आठवड्याने जाऊन विचारावं.

मित्र २००९ साली गेला. वहीत त्याच्या नावापुढचे सगळे 'परत' भरलेले आहेत. रिकामा रकाना एकच आहे, ३ मार्च १९८४ चा. कुमार गंधर्वांची 'मला उमजलेले बालगंधर्व', पाकिटाच्या मागे डाव्या कोपऱ्यात जांभळ्या शाईत माझी सही. पुण्यात एका ओळखीच्या ओळखीने नेली, नाव लिहायचं राहिलं. ती या अंकाच्या कोणा वाचकाकडे असेल तर परत पाठवू नये. लावावी, दोन्ही बाजू ऐकाव्यात, आणि कशी वाटली ते अंकाच्या पत्त्यावर मला कळवावं. तो रकाना मला भरायचा आहे.