पडद्यावरची बाग आणि दारची परसबाग

उन्हाळ्याची दुपार. बाहेर ऊन मी म्हणत असते. घरात पंख्याखाली पालथी पडलेली मुलगी मोबाइलवर बाग सजविण्यात दंग असते. टुमदार घर, दारावर चढविलेला वेल, मुद्दाम वाकडी ठेवलेली पायवाट, विहिरीशेजारी बाकडे आणि कुंपणालगत रंगीबेरंगी फुले. स्वयंपाकघरातून आई हाक मारते, ‘‘अगं, जेवायला येतेस ना?’’ ‘‘आले गं आई, एवढं कुंपण झालं की आले!’’ कुंपण काही संपत नाही आणि ताटातली भाकरी गार होऊन जाते.

हिंगोली शहर असो, की वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याकडचे एखादे गाव असो, हे चित्र आता घरोघरी दिसते. ‘या खेळाने पोर बिघडेल का?’ असे पालक काळजीने विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

खेळ वाईट आहे काय?

बागेच्या खेळात मारामारी नाही की रक्तपात नाही. रोप लावा, पाणी घाला, कुठे काय शोभेल ते ठरवा. दमलेल्या मनाला अशा कामात विसावा मिळतो. २०२० साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशाच एका सौम्य खेळाच्या, ‘ॲनिमल क्रॉसिंग’च्या, खेळाडूंची पाहणी केली. अधिक वेळ खेळणाऱ्यांनी स्वतःला किंचित अधिक समाधानी म्हटले. मात्र २०२२ साली अनेक खेळ घेऊन केलेल्या मोठ्या पाहणीत खेळाच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. तात्पर्य, खेळ हे विष नाही आणि औषधही नाही.

गोम आहे ती वेळेत. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेती-बागेचा खेळ एरिक बरोन या एकट्या माणसाने तयार करून २०१६ साली बाजारात आणला. त्यातला एक दिवस आपल्या सुमारे १४ मिनिटांत संपतो आणि लगेच पुढचा उजाडतो. ‘आणखी एकच दिवस’ म्हणता म्हणता रात्रीचे बारा वाजतात. म्हणून मुलांवर ओरडण्याऐवजी त्यांच्याच भाषेत करार करावा: ‘खेळातले तीन दिवस झाले की मोबाइल खाली.’ म्हणजे पाऊण तासाच्या आत खेळ आटोपतो.

खेळावर ताबा राहत नाही, अभ्यास, जेवण, झोप यांपेक्षा तोच मोठा होतो आणि नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही, अशी अवस्था साधारण वर्षभर टिकली, तर तो आजार समजावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. आजारांच्या तिच्या नव्या यादीत त्याचा समावेश असून ही यादी २०२२ पासून लागू झाली. अशी लक्षणे दिसल्यास वर्षभर वाट पाहू नये. मुलाला मारझोड न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

डोळ्यांना काय हवे?

पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे. परंतु वाढत्या वयातील डोळ्यांना खरी गरज असते ती मोकळ्या उजेडाची. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर ठेवण्यात आले. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी जडली होती. इतर शाळांत हेच प्रमाण जवळजवळ ४० टक्के होते. हा उजेड पडद्यावरच्या सूर्यापासून मिळत नाही.

बाग पडद्यावरून अंगणात

खेळातली ती ‘कॉटेज’ धाटणीची बाग म्हणजे तरी काय? इंग्लंडमधल्या खेड्यांत साध्या घरांभोवती फुले, भाज्या आणि औषधी झाडे एकत्र लावीत. आपली परसबाग याहून वेगळी कुठे आहे? तुळशीशेजारी झेंडू, मोरीच्या पाण्यावर अळू, कुंपणावर दोडक्याचा वेल, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता. मुलीने पडद्यावर जी आखणी केली, तीच तिला कागदावर काढायला लावावी आणि जुने डबे, फुटके घमेले घेऊन अंगणात उतरवावी. गच्ची असली तरी चालेल.

खेळातले लवकर येणारे पीक चार दिवसांत, म्हणजे आपल्या तासाभरात येते. आपली हळद मात्र आठ-नऊ महिने घेते, हे वसमतच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पावसाळ्याच्या तोंडी कुंडीत हळदीचा एक कंद लावून पाहावा. वाट पाहण्याची सवय ही मनाची मोठी तालीम आहे. शिवाय हातपाय हलतात, भूक लागते, झोप चांगली येते.

खऱ्या बागेची खबरदारी

खेळातली फुले निरुपद्रवी असतात, अंगणातली सगळीच नसतात. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, म्हणजे बिट्ट्या, मुले खेळायला घेतात. त्या पोटात गेल्यास हृदय बंद पडू शकते. लहान मुले असलेल्या घरी हे झाड नसावे. मुलाने बी खाल्ल्याचा संशय जरी आला, तरी त्रास होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कुंडीखालच्या ताटल्या आणि रिकामे डबे आठवड्यातून एकदा कोरडे करावेत, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. उन्हाळ्यात बागकाम सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच करावे. गवत माजू देऊ नये आणि अंधारात बॅटरीशिवाय परसात जाऊ नये. साप चावल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट सरकारी रुग्णालयात न्यावे.

पालकहो, मुलीच्या हातातला मोबाइल हिसकावून घेण्याआधी तिची बाग एकदा शेजारी बसून पाहा. ‘हा वेल आपल्या दारावर चढेल का गं?’ एवढेच विचारा. कुंपण कदाचित अर्धेच राहील आणि पोर आपणहून अंगणात येईल.