रंगीत फोटो कृष्णधवल करताना

रंगीत फोटो कृष्णधवल करायचा म्हणजे त्यातले रंग काढून टाकायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. संगणकावर एक क्लिक केलं, की रंग जातात. मोबाइलवर तर नुसतं बोट लावलं तरी पुरतं. मग यात शिकण्यासारखं काय आहे, असं माझ्या फोटोग्राफीच्या वर्गात कुणी ना कुणी विचारतंच. मी त्यांनाच उलट प्रश्न करतो. लाल काठाची हिरवी साडी आहे. कृष्णधवल फोटोत काठ जास्त गडद दिसायला हवा, की साडी? लगेच वर्गात दोन तट पडतात. कारण याचं एकच एक बरोबर उत्तर नाही. ते कुणीतरी ठरवावं लागतं. तुम्ही ठरवलं नाहीत, तर यंत्र ठरवतं.

यंत्र कसं ठरवतं, ते आधी पाहू. डिजिटल फोटो म्हणजे असंख्य बारीक ठिपके. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात : लाल किती, हिरवा किती आणि निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान. कृष्णधवल फोटोला मात्र एका ठिपक्यासाठी एकच आकडा पुरतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा आणि मधले सगळे राखाडी. तिनाचा एक करायचा, एवढंच हे काम. पण तो कसा करायचा, यातच सगळी गोम आहे.

सर्वांत रुळलेला हिशेब असा, की लालचा वाटा ३० टक्के, हिरव्याचा ५९ आणि निळ्याचा ११. हा हिशेब रंगीत टेलिव्हिजनबरोबर आला. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा बहुतेक घरांतले संच कृष्णधवलच होते. तरी त्यांवर चित्र नीट दिसत राहिलं, कारण प्रक्षेपणात उजेडाचा संकेत याच प्रमाणात तयार होत असे. हिरव्याचा वाटा मोठा, कारण आपल्या डोळ्यांना तिघांत हिरवा प्रकाश सर्वांत तेजस्वी वाटतो.

आता आपली साडी घ्या. तिच्या हिरव्या रंगाचे आकडे समजा ३०, १२० आणि ६०. लाल काठाचे १९०, ४० आणि ४०. वरचा हिशेब लावला, तर साडी येते ८६ आणि काठ येतो ८५. डोळ्यांत भरणारा काठ साडीत मिसळून गेला! हिशेबात चूक काहीच नाही. दोन्हींचा उजेड सारखाच होता. फरक होता तो रंगाचा, आणि रंगच तर आपण काढला.

यावर उपाय म्हणजे तिन्ही रंगांचे वाटे आपण स्वतः बदलायचे. फक्त लाल आकडे घेतले, तर काठ उजळ आणि साडी काळीभोर. फक्त हिरवे घेतले, तर नेमकं उलट. फिल्मच्या जमान्यात हेच काम भिंगापुढे रंगीत फिल्टर लावून होत असे. ॲन्सेल ॲडम्स यांनी १९२७ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीच्या हाफ डोम कड्याचा फोटो गडद लाल फिल्टर लावून घेतला, तेव्हा निळं आकाश जवळजवळ काळं आलं. त्यांना हे फोटो घेण्याआधी ठरवावं लागलं. आपल्याला ते नंतर सावकाश ठरवता येतं.

चेहऱ्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न नाजूक होतो. त्वचेत लाल रंगाचा अंश जास्त असतो. त्यामुळे लालचा वाटा वाढवला, की चेहरा उजळतो, डाग आणि सुरकुत्या पुसट होतात. लोकांना ते आवडतं. मध्यंतरी एक कुटुंब आजींचा फोटो घेऊन माझ्याकडे आलं. वर्तमानपत्रात निधनाच्या बातमीसोबत तो द्यायचा होता. नातवानं घरीच, तयार पर्यायांतला एक निवडून, तो कृष्णधवल केला होता. चेहरा छान उजळ आला होता. पण आजोबांनी फोटो हातात घेऊन एवढंच विचारलं होतं, ''हिचं कुंकू कुठं गेलं?''

आजी अहेव गेल्या होत्या आणि फोटोत कपाळ मोकळं होतं. कुंकू कुणी मुद्दाम पुसलं नव्हतं. मूळ फोटोत कुंकवाचा लाल आकडा होता सुमारे २०० आणि कपाळाचा सुमारे १९०. म्हणजे लालपुरतं पाहिलं, तर दोन्ही जवळपास एकच. हिरव्यात मात्र कुंकू २० आणि कपाळ १४०. आम्ही हिरव्याचा वाटा वाढवला आणि कुंकू परत आलं. सोबत सुरकुत्याही आल्या. आजोबांची त्याला काहीच हरकत नव्हती.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फोटोंत याच्या उलट प्रकार दिसतो. त्या काळच्या बहुतेक काचांवर आणि फिल्मवर लाल प्रकाशाचा परिणामच होत नसे. त्यामुळे कुंकू आणि ओठ काळपट येत.

घरी करून पाहायचं असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. मूळ रंगीत फोटो कधीही पुसू नका. प्रत करून तिच्यावरच काम करा. फोटो जेपेगमध्ये घेत असाल, तर कॅमेऱ्यातला कृष्णधवल पर्याय टाळा, कारण एकदा गेलेले रंग परत मिळत नाहीत. फोटोशॉपमध्ये २००७ च्या सीएस३ आवृत्तीपासून यासाठी सहा रंगांच्या सरकत्या पट्ट्या आहेत. गिम्प या मोफत प्रोग्रॅममध्ये 'मोनो मिक्सर' आहे. पट्ट्या बेतानं सरकवा. फार ताणल्या, तर आकाशात डाग आणि कडांना पांढरी रेघ उमटते. निळ्याचा वाटा वाढवताना विशेष जपा, कारण कणीदारपणा बहुधा त्यातच जास्त असतो.

आणि पट्टीला हात लावण्यापूर्वी मूळ फोटो नीट पाहा. त्यात कोणत्या दोन गोष्टी वेगळ्या दिसल्याच पाहिजेत, ते आधी ठरवा. फोटो दुसऱ्या कुणाच्या घरचा असेल, तर हे त्या घरच्यांनाच विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)