घरच्या घरी विणावयाचे बटणांचे जाकीट

पौष-माघातील पहाटेची थंडी निफाडच्या बाजूस द्राक्षबागांना जाचते, तशी ती लहान मुलांनाही जाचते. बागेसाठी आपण शेकोट्या पेटवितो. मुलाचे मात्र पुष्कळदा आईच्या पदरावरच भागते. क्रोशाच्या एका सुईवर विणलेले जाकीट हा त्यावर सोपा उपाय आहे. ते समोरून उघडत असल्याने डोक्यावरून ओढून घालावे लागत नाही.

दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीस उत्तम. पण ती भरड असल्याने कोवळ्या अंगाला टोचते. म्हणून जाकिटासाठी मऊ लोकर घ्यावी, आणि लागेल तेवढी एकदमच घ्यावी. मागाहून आणलेल्या लोकरीचा रंग सहसा जुळत नाही.

विणण्यापूर्वी वीतभर नमुना विणून पाहणे अगत्याचे आहे. पेरणीपूर्वी शंभर दाण्यांची उगवण तपासणाऱ्या शेतकऱ्यास याचे कारण सांगावयास नको. प्रस्तुत लेखकाच्या घरी ही तपासणी राहून गेली. मुलीसाठी आरंभिलेले जाकीट तिच्या थोरल्या भावाच्या मापाचे झाले, आणि ते उसवून पुन्हा विणेपर्यंत थंडी सरली.

हिशेब असा. मुलाची छाती ५६ सेंटिमीटर भरली, तर सैलपणासाठी ६ मिळवून ६२ धरावी. बटणपट्ट्या एकीवर एक येतात, म्हणून एका पट्टीची ३ सेंटिमीटर रुंदी वजा करावी, ५९ उरतात. नमुन्यात १० सेंटिमीटरमध्ये १४ खांब बसत असतील, तर सुमारे ८३ खांब लागतील. चौथाई सोयीची पडावी म्हणून ८४ घ्यावेत. हात सैल असून १२ च खांब बसत असतील, तर त्याच ८४ खांबांचे जाकीट ११ सेंटिमीटरांनी मोठे होईल.

खालच्या काठापासून काखेपर्यंत सलग विणावे, म्हणजे बाजूंना शिवण येत नाही. तेथून पुढचे २१, पाठीचे ४२ व पुन्हा पुढचे २१ असे भाग पाडून खांद्यापर्यंत न्यावे. खांदे जोडून बाह्या मागाहून विणाव्यात.

बटणांची घाई करू नये. प्रथम एका पट्टीवर वरच्या व खालच्या बटणाची जागा दोऱ्याने खुणावी, मग मधल्या जागा समान अंतरावर धराव्यात. समोरच्या पट्टीवर त्या खुणांसमोर दोन खांब सोडून दोन साखळ्या घालाव्यात व पुढील ओळीत त्या पोकळीत दोन खांब विणावेत; काज तयार होते. बटण लावताना आतून लहान चपटे बटण ठेवावे, म्हणजे वीण ताणत नाही. लहान मूल बटण तोंडात घालते, यासाठी दर धुण्यानंतर टाके ओढून पाहावेत.