रिकामा रकाना

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तर बाबांचा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट टीव्हीखाली पडलेला. एकूण कोलेस्टेरॉल २४२, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड ४३८. एलडीएलपुढे मात्र नुसती आडवी रेघ! "काही सापडलंच नाही, म्हणजे आपण फिट," बाबा खूश. मला काही ते पटेना. म्हणून थोडी शोधाशोध केली, तीच इथे मांडतोय.

कोलेस्टेरॉल तेलकट, रक्त पाणीदार. दोघांचं जमत नाही. म्हणून ते प्रथिनांच्या आवरणातल्या बारीक कणांमधून फिरतं. एलडीएल ते शरीरभर पोहोचवतं. पण प्रमाणाबाहेर गेलं की धमन्यांच्या भिंतीत साठू लागतं. एचडीएल जास्तीचं कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतं.

हे मोजतात कसं? रक्तद्रवात एन्झाइम्स घालतात. कोलेस्टेरॉलपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, त्यातून रंग तयार होतो. रंग जितका गडद, तितकं कोलेस्टेरॉल जास्त. म्हणजे फर्स्ट इयरला आपण रट्टा मारलेला बीअर-लॅम्बर्टचा नियमच की!

खरी गंमत पुढे आहे. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, गणिताने काढतात. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र असं (आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) :

एलडीएल = एकूण कोलेस्टेरॉल − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड ÷ ५)

शेवटचं पद म्हणजे व्हीएलडीएल या कणांतल्या कोलेस्टेरॉलचा अंदाज. पण मित्रांनो, प्रत्येक सूत्रामागे एक गृहीतक असतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा पाचाचा हिशोब बिघडतो. म्हणून लॅबने रेघ मारली. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे; "हे सूत्र इथे चालत नाही" एवढाच त्याचा अर्थ!

एक वजाबाकी मात्र तेव्हाही चालते. एकूणातून एचडीएल वजा करा : २४२ − ३६ = २०६. याला नॉन-एचडीएल म्हणतात. साधारणपणे ते १३० च्या आत असलेलं बरं. हा आकडा दाखवल्यावर बाबा गप्प झाले आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न : "रक्त देण्याआधी काय खाल्लं होतं?" बाबा पोहे-चहा उरकून गेले होते! हल्ली साध्या तपासणीला उपास लागतोच असं नाही, पण ट्रायग्लिसराइड इतकं वाढलेलं दिसलं की उपाशीपोटी पुन्हा बघतात. सोबत शुगरही तपासली. नव्या रिपोर्टात एकूण २३८, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड ३१०. आता सूत्र लागू झालं : २३८ − ३६ − ६२ = १४०. रेघेच्या जागी आकडा आला, आणि बाबांना गोळी सुरू झाली.

आणि हो, हे फक्त बाबा लोकांसाठी नाही. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सांगितलंय, पहिली लिपिड तपासणी वयाच्या १८ व्या वर्षीच करावी. म्हणजे आपला नंबर लागून गेलाय! सबमिशन संपलं की एक सकाळ त्यासाठी काढा. आणि सुट्टीत घरी गेलात, तर टीव्हीखालचा रिपोर्ट एकदा उघडून बघा.