परीक्षेची धडधड आणि अश्वगंधेची गोळी

प्रश्नपत्रिका हातात पडते आणि छातीत धडधडू लागते. तळहातांना घाम सुटतो, तोंडाला कोरड पडते. असे का होते?

संकटाची चाहूल लागताच मेंदूतील हायपोथॅलॅमस दोन निरोप धाडतो. पहिला मज्जातंतूंतून, तारेसारखा झटपट. त्यासरशी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात. दुसरा निरोप पियूषिका ग्रंथीमार्फत रक्तातून, टपालासारखा सावकाश पोचतो. मग त्याच अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल पाझरते आणि रक्तातील साखर वाढते. म्हणजे ही धडधड आजार नव्हे, तयारी आहे!

पण तयारी संपलीच नाही तर? १९३६ साली हान्स सेली यांनी माँट्रियल येथील उंदरांवरच्या प्रयोगांची माहिती प्रसिद्ध केली. थंडी, इजा, अतिश्रम, औषधांची मोठी मात्रा – कारणे निरनिराळी, परिणाम सारखेच. अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, थायमस ग्रंथी आकसली, जठरात व्रण पडले.

असा ताण सोसण्याची शरीराची ताकद वाढवणाऱ्या पदार्थांना सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय लाझारेव्ह यांनी १९४७ साली 'ॲडॅप्टोजेन' असे नाव दिले. आपली अश्वगंधा, म्हणजे आस्कंद, आज याच गटात गणली जाते. तिच्या मुळीला घोड्याच्या अंगासारखा वास येतो, म्हणून हे नाव.

माझ्या एका विद्यार्थ्याने परीक्षेआधी अश्वगंधेच्या गोळ्या घेतल्या. पेपर छान गेले. “सर, गोळीचा गुण!”

“आणि अभ्यास?”

“यंदा दुप्पट केला.”

आता सांगा, लंबकाची लांबी आणि गोळा दोन्ही एकदम बदलले, तर आवर्तकाल कशामुळे बदलला हे कळेल का? औषधाचेही तसेच. म्हणून चाचणीत दोन गट करतात. एकाला औषध, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती दिली, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही!

अशा काही चाचण्यांत अश्वगंधेने ताण व कॉर्टिसॉल थोडे उतरलेले दिसले. मात्र या चाचण्या लहान, काही आठवड्यांच्या आणि बहुतेक प्रौढांवर केलेल्या. शिवाय क्वचित काहींच्या यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. वनस्पतीचे म्हणजे निर्धोक, असे समजू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नका.

त्यापेक्षा एक प्रयोग करा. पुढच्या चाचणीआधी वर्गाबाहेर उभे असताना एक मिनिट नाडी मोजा. घरी निवांत बसून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. तुमच्या अधिवृक्क ग्रंथींची कामगिरी तुमच्याच हाताला कळेल!